बाळाची छाती भरते ती कशाने?

थंडी पडली की निफाडकडच्या आमच्या गावात दारोदारी एकच वाक्य ऐकू येतं, "ताई, बाळाची छाती भरलीय." मी आशा सेविका आहे. औषध देणं डॉक्टरांचं काम, पण कारणाचा माग घरातच लागतो.

आधी श्वास मोजा. बाळ शांत असताना झबलं वर करा आणि मोबाईलवर पूर्ण एक मिनिट लावून पोट किती वेळा वर येतं ते बघा. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त भरले, श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल किंवा बाळ दूध ओढत नसेल, तर लगेच दवाखाना गाठा. कारण मागाहून शोधू.

मग घरात विचारा, आधी कोण शिंकत होतं? बहुतेक सर्दी-खोकला विषाणूंचा असतो, शाळेत जाणारं भावंड तो घरी आणतं. त्यावर अँटिबायोटिक चालत नाही, उरलेली जुनी बाटली काढू नका. आजोबा दोन आठवड्यांपासून खोकत असतील तर त्यांची थुंकी तपासून घ्या, टीबी लहानग्यांना पटकन गाठतो. ताप नाही आणि खेळता खेळता एकाएकी ठसका लागला, तर शेंगदाणा श्वासनळीत अडकलेला असू शकतो, तेव्हाही थांबू नका. रात्रीचा खोकला सारखा उलटत असेल तर डॉक्टरांना दम्याबद्दल विचारा.

आणि धूर. पेठहून द्राक्षबागेच्या कामाला आलेलं एक कुटुंब पत्र्याच्या खोलीत राहत होतं. दार बंद, घमेल्यात निखारे, शेजारी तीन महिन्यांचं बाळ. मी मोजले, ६४. न्यूमोनिया निघाला. बाळ वाचलं, पण ते घमेलं अजून डोळ्यांसमोरून जात नाही. अंघोळीनंतरची ओव्याची धुरी, डासांची कॉईल, घरातली बिडी, सगळ्यांचा धूर त्याच इवल्या छातीत जातो. आजीला वाईट वाटलं तरी चालेल, धुरी बंद करा. नाकात तेलही सोडू नका.

शेवटी लसीचं कार्ड काढा. न्यूमोनियाच्या एका जंतूपासून वाचवणारी न्यूमोकोकलची लस दीड महिना, साडेतीन महिने आणि नवव्या महिन्यात, पाच आजारांवरची एकत्र लस पेंटाव्हॅलंट दीड, अडीच, साडेतीन महिन्यांना, सरकारी दवाखान्यात फुकट. बागेच्या कामासाठी गाव बदलताना नेमका एखादा डोस राहतो. दवाखान्यात जाताना कार्ड सोबत घ्या आणि मोजलेले श्वास वेळेसकट कागदावर लिहून न्या.