एक पदार्थ, एक भाग, एक वर्ष: घरगुती चकलीचा धंदा टिकवायचा कसा

दिवाळीत घरची चकली पुण्यात कुणाचीही खपते. त्या पंधरा दिवसांत शेजारपाजार, ऑफिस, सोसायटीचा ग्रुप सगळीकडून ऑर्डरी येतात आणि धंदा लागला असं वाटतं. तुळशीच्या लग्नापर्यंत मात्र घरोघरचे डबे भरलेलेच असतात आणि फोन थांबतो. पुढच्या दोन महिन्यांत काही जण गाशा गुंडाळतात, काही जण घाबरून चिवडा, लाडू, शंकरपाळे, खाकरा असं सगळंच सुरू करतात. दोघांचीही गत शेवटी सारखीच होते. हे सगळं लिहिलंय ते दिवाळीनंतरच्या त्या शांत महिन्यांसाठी.

एकच पदार्थ का

पाच पदार्थ आणि प्रत्येकाची दोन वजनं म्हणजे दहा लेबलं, पाच तऱ्हेचा कच्चा माल, पाच वेगवेगळ्या मुदती. घरच्या ओट्यावर एवढं सांभाळताना कुठलाच पदार्थ दर वेळी सारखा उतरत नाही, आणि गिऱ्हाईक तुटतं ते नेमकं इथे. पहिल्यांदा आवडलेली चकली दुसऱ्यांदा कडक निघाली की तिसऱ्यांदा फोन येत नाही. तक्रारही येत नाही, म्हणून आपल्याला कळतही नाही. चितळ्यांची बाकरवडी किंवा कयानीचं श्रूजबेरी बिस्किट घ्यायला लोक वाट वाकडी करून जातात, कारण मागच्या वेळची चव आजही मिळणार याची त्यांना खात्री असते. घरगुती धंद्यालाही हीच खात्री कमवावी लागते, आणि ती कमवायला एका पदार्थाला निदान वर्ष द्यावं लागतं. वर्षभरात पुण्याचे तिन्ही ऋतू त्या पदार्थावरून जातात. जुलैच्या दमट हवेत टिकलेली चकलीच खरी.

भाजणी वजनावर

वाटीचं माप घरच्या फराळाला ठीक आहे, विक्रीला वजनकाटाच हवा. पहिली खरेदी त्याचीच करा: १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा, ५ किलोपर्यंतचा. घरातलं मोजमाप त्यावर चालेल, पण वजनावर माल विकायचा असेल तर काटा वैधमापन शास्त्राच्या (वजनं-मापं तपासणाऱ्या सरकारी विभागाच्या) शिक्क्याचाच घ्या.

सुरुवातीला हे प्रमाण धरा: तांदूळ १ किलो, हरभरा डाळ ५०० ग्रॅम, उडीद डाळ २५० ग्रॅम, मूग डाळ १२५ ग्रॅम, धने ५० ग्रॅम, जिरे २५ ग्रॅम. तांदूळ धुऊन सावलीत पूर्ण सुकवायचे. पावसाळ्यात ते बाहेरून कोरडे वाटतात पण आत ओल राहते. त्या ओलीचं पीठ पंधरा दिवसांत कुबट वास धरतं, म्हणून जून ते सप्टेंबर पंख्याखाली एक दिवस जास्त ठेवा. प्रत्येक धान्य वेगळं भाजा, कारण उडीद डाळीला लागतो तो वेळ तांदळाला पुरत नाही. खमंग वास सुटला आणि दाणा हाताला हलका लागला की थांबा. लाल होईपर्यंत भाजलं तर पिठाचा चिकटपणा जातो आणि सोऱ्यातून पडताना चकली जागोजागी तुटते. चकली तुटली की बहुतेक जण पाणी वाढवतात. दोष मात्र कढईतून आलेला असतो.

गिरणीत भाजणी टाकण्याआधी जात्यात काय दळलं ते विचारा. मिरची किंवा हळद दळली असेल तर थांबा. गहू असेल तर आधी आपले पाव किलो तांदूळ दळून ते पीठ बाजूला काढा, पण तेवढ्याने गव्हाचा अंश पूर्ण जातोच असं नाही. ज्याला गहू चालत नाही असं गिऱ्हाईक लेबल वाचून माल घेतं, त्याची फसवणूक होता कामा नये.

कच्चा माल किरकोळ दुकानातून थोडा थोडा आणला तर दर महिन्याला डाळीचा वाण बदलतो आणि चवही. मार्केट यार्डाच्या भुसार विभागात एकच व्यापारी धरा, एकाच जातीचा तांदूळ मागा. तीळ मात्र महिन्याला पुरतील इतकेच घ्या. चकलीला खवट वास येतो तेव्हा संशय तेलावर जातो, पण पुष्कळदा जुने तीळ कारण असतात.

उकड आणि तळण

१ किलो पिठाला तीळ ५० ग्रॅम, तिखट ३० ग्रॅम, मीठ २२ ग्रॅम, ओवा १० ग्रॅम, चवीपुरती हळद आणि हिंग, मोहनाला (पिठात कालवायला) १०० ग्रॅम तेल. उकडीच्या पाण्याची सुरुवात पिठाच्या वजनाइतकी करा आणि मळताना जे वाढवाल तेही मोजून. नवी भाजणी आली की हा आकडा थोडा हलतो, म्हणून तो प्रत्येक दळणाला नव्याने लिहायचा.

मोहन जास्त झालं की चकली तेलात विरघळते, कमी पडलं की दाताला कडक लागते. तेल पुरेसं तापलं नसेल तर चकली तेल पिते. फार तापलं असेल तर वरून रंग येतो आणि आत ओल राहते. अशी चकली काढताना कुरकुरीत असते आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडते. पिठाची छोटी गोळी टाकून पाहा: दोन-तीन सेकंदांत वर आली तर तेल बरोबर, टाकताक्षणी उसळून तपकिरी झाली तर जास्त. थर्मामीटर घेतलात तर १७० अंशांच्या आसपास ठेवा. घाणा टाकल्यावर तेल थंड होतं, म्हणून कढईत दाटी करू नका. चकली झाली हे रंगावरून ठरवू नका, कारण तिखटाचा वाण बदलला की रंगही बदलतो. बुडबुड्यांकडे बघा. आधी फसफसून येणारे बुडबुडे हळूहळू विरळ होतात आणि चकलीभोवतीचं तेल जवळजवळ शांत होतं, तेव्हा आतलं पाणी गेलेलं असतं.

तळलेल्या तेलात नवं तेल ओतत राहणं ही सगळ्यांत महाग पडणारी काटकसर. तेल काळवंडलं, फेस धरू लागलं किंवा दाट झालं की ते संपलं.

वहीतली चिकाटी

रोज उठून कष्ट करणारे पुष्कळ असतात. तरी सहा महिन्यांनी माल तिथेच राहतो, कारण काय बदललं आणि काय झालं याची नोंद नसते. दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक घाण्याच्या दिवशी एक ओळ: तारीख, दळण क्रमांक, पीठ, पाणी, मोहन, तेल कितव्यांदा वापरलं, किती किलो निघाली, किती तुटली, हवा कोरडी की दमट. दोन मिनिटांचं काम आहे. थकलेल्या दिवशी हेच टाळलं जातं, म्हणून कढई घासण्याआधी लिहायचं.

सुधारणा करायची तर एका वेळी एकच गोष्ट बदला. कडकपणाची तक्रार असेल तर एकाच दळणाचे तीन छोटे गोळे करा, किलोला ८०, १०० आणि १२० ग्रॅम मोहनाचे, बाकी सगळं सारखं. तिन्ही चकल्या पाच जणांना नाव न सांगता खायला द्या. मोहनही बदललं, तिखटही बदललं, तेलाचा ब्रँडही बदलला, तर निकाल चांगला येवो की वाईट, हाती काही लागत नाही.

आणि प्रत्येक दळणाच्या आठ चकल्या विक्रीच्याच पिशवीत, दोन-दोन करून सील करून ठेवा. १५, ३०, ४५ आणि ६० व्या दिवशी एकेक पिशवी उघडून खा. मऊपणा किंवा वास ज्या दिवशी पहिल्यांदा जाणवेल त्याच्या बरंच आधीची मुदत लेबलवर टाका. हिवाळ्यातल्या चाचणीवर पावसाळ्याची मुदत ठरवू नका.

पॅकिंग चकली पूर्ण गार झाल्यावरच. गरम भरली तर आत वाफ धरते, रात्रभर उघडी ठेवली तर हवेतली ओल पिते. तळणानंतर दोन-तीन तासांत ती पिशवीत गेलेली बरी. जाड बहुस्तरीय पाऊच आणि साधं हँड सीलर पुरतं. पॅकिंगचं सामान रविवार पेठेत बोहरी आळीत मिळतं. एकदम हजार पाऊच घेऊ नका. आकार पक्का व्हायला दोन महिने लागतात.

आपली मजुरी धरा

आवडीच्या कामात माणूस स्वतःचा वेळ फुकट धरतो, आणि तिथेच धंदा आतून पोखरला जातो. १ किलो चकलीचा नमुना हिशोब असा मांडा. भाव उदाहरणादाखल आहेत, आपले आपण घाला:

भाजणी ७५० ग्रॅम, ₹८२
शोषलेलं तेल सुमारे ३०० ग्रॅम, ₹४८
तीळ, तिखट, मसाला ₹१५
गॅस ₹२५
२५० ग्रॅमचे चार पाऊच व लेबलं ₹२४
तूटफूट ₹१०
पेट्रोल, फोन ₹२०

हे झाले ₹२२४. भाजणं, मळणं, तळणं, भरणं मिळून किलोला साधारण तासभर जातो. त्याचे ₹९० धरले की खरा खर्च ₹३१४.

मजुरी न धरता ‘चला, ३०० रुपये किलो लावू’ म्हटलं आणि दुकानदाराला २५ टक्के दिले, तर हातात येतात ₹२२५. तासभराच्या कष्टाचा एक रुपया सुटला. ₹४८० भाव असेल तर दुकानातून ₹३६० येतात, मजुरी वजा जाता ₹४६ उरतात. थेट घरी दिलेल्या किलोला ₹१६६ उरतात. म्हणून घरपोच गिऱ्हाईक जपायचं आणि दुकान हे नवं गिऱ्हाईक गाठायचं ठिकाण समजायचं. भाव सांगताना आवाज खाली जाऊ देऊ नका. सुरुवातीला ओळखीखातर कमी लावलेला भाव नंतर वर नेणं फार अवघड जातं.

कागदपत्रं

अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी फॉस्कॉस पोर्टलवर होते. लहान उद्योगाच्या मूळ नोंदणीची फी वर्षाला ₹१०० आहे आणि मिळणारा १४ अंकी क्रमांक लेबलवर लागतो. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून होणारी नोंद, सरकारी पोर्टलवर पूर्ण मोफत आहे, त्यासाठी पैसे मागणाऱ्याला देऊ नका. लेबलवर पदार्थाचं नाव, घटक उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, बनवल्याची तारीख, मुदत, बॅच क्रमांक, पोषणमूल्यं, शाकाहारी चिन्ह, पत्ता आणि तक्रारीसाठी फोन हवा. निव्वळ वजनात पाऊच धरायचा नाही. घरगुती सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही, व्यावसायिक जोडणी घ्या.

एक भाग, ठरलेला दिवस

कोथरूडमध्ये राहून वाघोलीची ऑर्डर घेतली तर नफा रस्त्यातच संपतो. पहिल्या वर्षी घरापासून तीन-चार किलोमीटरच्या आत राहा. तेवढ्यात सहा दुकानं निवडा: किराणा, डेअरी, घरगुती पदार्थांची दुकानं. सकाळी अकराच्या सुमारास किंवा संध्याकाळी पाचनंतर जा. दुपारी एक ते चार अनेक जुनी दुकानं बंद असतात, आणि उघडी असली तरी ती बोलण्याची वेळ नव्हे. पहिल्या भेटीत चव द्या, चार पाकिटं ठेवा, पुढच्या भेटीची तारीख सांगा. मग त्या तारखेला जाच, पाऊस असो वा नसो. दर पंधरा दिवसांनी त्याच वारी येणाऱ्या माणसासाठी दुकानदार आपोआप फळीवर जागा ठेवतो.

‘पुढच्या आठवड्यात बघू’ हा नकार समजू नका, तारीख मागून घ्या. चार भेटींनंतरही माल हलला नाही तर ते दुकान सोडा आणि सातवं शोधा. चिकाटी त्या भागाशी ठेवायची, त्याच एका दाराशी नाही. उरलेला माल मुदतीच्या आधी स्वतः परत उचला, माल दिल्याचं चलन दोन प्रतींत करा, आणि मागच्या दोन खेपांचे पैसे बाकी असताना तिसरी ठेवू नका.

सोसायट्यांसाठी आठवडा बांधून घ्या. ऑर्डर सोमवारी रात्री नऊला बंद, बुधवार-गुरुवार तळण, शुक्रवारी संध्याकाळी घरपोच. मंगळवारी ‘दोनच पाकिटं द्या ना’ असा फोन आला तर नम्रपणे पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारसाठी नाव लिहून घ्या. सुरुवातीला हे जड जातं. महिन्या-दोन महिन्यांत लोक सोमवार लक्षात ठेवू लागतात आणि तुमचा बुधवार मोकळा न राहता भरलेला राहतो. ऑर्डर अर्ध्या किलोचीच आली तरी त्या आठवड्याचं तळण चुकवू नका. उरलेली चकली नमुना म्हणून नव्या सोसायटीत जाऊ द्या.

नोव्हेंबर-डिसेंबरच्या मंदीत हात रिकामे राहतात तेव्हा मोहनाच्या चाचण्या, मुदतीच्या चाचण्या आणि वर्षाचा हिशोब उरका. एप्रिल-मे मध्ये सुट्ट्या आणि परदेशी जाणारी मुलं यांमुळे मागणी वाढते. त्या पार्सलांसाठी चकली पाऊचऐवजी घट्ट झाकणाच्या डब्यात, थरांमध्ये कागद घालून भरा, म्हणजे तुकडे होत नाहीत.

दुसरा पदार्थ कधी? सलग तीन महिने तूटफूट पाच टक्क्यांच्या आत आहे, महिन्याच्या ऑर्डरींपैकी निम्म्याहून जास्त जुन्या गिऱ्हाइकांच्या आहेत आणि मजुरी धरूनही पैसे उरतात, या तिन्ही गोष्टी वहीत दिसल्या की विचार करा. तेव्हाही त्याच भाजणीतून निघणारा पदार्थ घ्या, कडबोळ्यांसारखा.

पुढची दिवाळी आली की आधी ताकद मोजा. दोन माणसं रोज चार तास म्हणजे सुमारे ८ किलो, बारा दिवसांत ९६. भाजणी बिघडणं, आजारपण, वीज जाणं यासाठी दहा-बारा किलोची जागा सोडून ८५ किलोला नोंदणी बंद करा. त्यातले पहिले ५० किलो वर्षभर शुक्रवारी घेणाऱ्या घरांसाठी राखून ठेवा, आणि नवरात्रातच त्यांना स्वतःहून फोन करा.