सोशल मीडियावरची हॉरर शॉर्टफिल्म लिहायचीये? आधी मैत्री तोडा, भूत नंतर आणा

मोबाइल नाहीतर लॅपटॉपच्या स्क्रीनवर घडणारी हॉरर करायची असेल तर सगळ्यात आधी भुताचा विचार बाजूला ठेवा, खरंच सांगतो. बऱ्याच स्क्रिप्ट तिथेच फसतात, पहिल्याच पानावर अनोळखी अकाउंटवरून मेसेज येतो आणि मग एकेक जण मरायला लागतो, पण ही पोरं एकमेकांची कोण लागतात तेच कळलेलं नसतं, मग भीती कशाची वाटणार?

म्हणून चार-पाच जणांचा ग्रुप घ्या आणि त्यांचं नेमकं कुठे फाटलं ते लिहून काढा. नुसतं "भांडण झालं" असं मोघम नको. समजा एकीने विश्वासाने रडत पाठवलेला व्हॉइस मेसेज दुसरीने ग्रुपवर टाकला, दोघांनी हसायचे इमोजी टाकले आणि एकाने सगळं ऐकलं पण काहीच बोलला नाही. आता बघा, प्रत्येकाचा वाटा वेगळा झाला ना! माझं मत विचाराल तर तो गप्प बसलेलाच मुख्य पात्र करा, कारण बघणाऱ्यांपैकी कितीतरी जण कधी ना कधी असेच गप्प बसलेले असतात.

मग प्रत्येकाच्या फोनमध्ये बाकीच्यांपासून लपवलेलं काहीतरी ठेवा, एखादा स्क्रीनशॉट, वेगळा ग्रुप, फेक अकाउंट काहीही. भुताचं काम एवढंच की ते सगळं सगळ्यांसमोर आणायचं, आधी किरकोळ गोष्टी आणि सगळ्यात वाईट ती शेवटी. २०१४ च्या 'अनफ्रेंडेड' या हॉरर सिनेमात हेच केलंय, मेलेल्या मुलीचं अकाउंट मित्रांच्या ग्रुप कॉलमध्ये शिरतं आणि त्यांना एक खेळ खेळायला लावतं, त्यात ते स्वतःच एकमेकांची पोलं खोलतात. त्यातली अजून एक गोष्ट उचलण्यासारखी आहे, नायिका मेसेज टाइप करते, खोडते, परत टाइप करते, आणि तिच्या मनात काय चाललंय ते एकही डायलॉग न बोलता कळतं.

हे असले बारकावे म्हणजेच तुमचं खरं हत्यार. टायपिंग दिसतंय पण मेसेज येतच नाही, ब्लू टिक आल्या पण उत्तर नाही, डिलीट केलेल्या मेसेजची रिकामी जागा, गेलेल्या मैत्रिणीच्या वाढदिवसाचं नोटिफिकेशन, तिच्या नावापुढे अचानक दिसलेलं ऑनलाइन... किंकाळ्या आणि अचानक आदळणारे आवाज एखाद-दोनदाच वापरा, जास्त झाले की लोक सावध होऊन बसतात.

शूटिंगला फार खर्च लागत नाही. २०२० चा 'होस्ट' लॉकडाऊनमध्ये बनला, दिग्दर्शक रॉब सॅवेज लांबून सूचना देत होता आणि कॅमेरा, लाइट कलाकारच आपापल्या घरात सांभाळत होते, पूर्ण सिनेमा जेमतेम तासाभराचा. तुम्ही पण कलाकारांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून खरा व्हिडिओ कॉल लावा आणि सीन सलग करू द्या, एकमेकांचं बोलणं तोडणं, अडखळणं आपोआप येतं. फक्त कॉलच्या रेकॉर्डिंगवर विसंबू नका, प्रत्येकाचं त्याच्या त्याच्या फोनवर वेगळं रेकॉर्ड करून घ्या आणि एडिटिंगमध्ये जोडा. चॅट पण एडिटिंगमध्येच मोठ्या अक्षरात बनवा आणि सावकाश वाचून होईपर्यंत स्क्रीनवर राहू द्या.

एका बाबतीत मात्र जपून. ट्रोलिंगमुळे कुणी जीव दिला असं कथेत असेल तर तो कसा दिला ते दाखवू नका, आणि मरून तिने बदला घेतला म्हणजे न्याय झाला असंही वाटू देऊ नका. त्यापेक्षा ती जिवंत असतानाचे दोन-तीन छान प्रसंग टाका, जुने फोटो, वेडेवाकडे व्हिडिओ, नाहीतर ती फक्त पांढऱ्या चेहऱ्याची बाई उरते. आणि आपल्या खऱ्या मित्रमैत्रिणींचे चॅट, फोटो वापरायचे नाहीत, ब्लर करून पण नाही.

स्क्रिप्ट झाली की भुताचे सगळे सीन काढून उरलेलं कुणाला तरी वाचायला द्या. वाचताना पोटात कालवलं तर शूटची तारीख ठरवा, नाहीतर मैत्री तुटते तो सीन परत लिहायला घ्या.