पॅरामेडिकची लघुरूपं शिकताना या चुका टाळा

इंदूरमध्ये ईएमटीचा किंवा पॅरामेडिकचा, म्हणजे रुग्णवाहिकेवरच्या तातडीच्या उपचारांचा कोर्स करणाऱ्या मराठी मुलामुलींना तीन-तीन भाषा एकदम सांभाळाव्या लागतात. रामबागेतल्या किंवा सुदामानगरातल्या घरी मराठी. रुग्णाच्या तोंडी हिंदी, आणि तो धार-खरगोनकडचा असला तर मालवी नाहीतर निमाडी. केस शीट मात्र इंग्रजी लघुरूपांची. बहुतेक जण यातल्या लघुरूपांनाच सर्वांत जास्त घाबरतात आणि शेकड्यांनी शॉर्टफॉर्म घोकून टाकतात. लेखी परीक्षा त्यावर निघते. पण एमवायच्या, म्हणजे महाराजा यशवंतराव रुग्णालयाच्या, कॅज्युअल्टीत स्ट्रेचर लावून डॉक्टरांना केस सांगायची वेळ आली की जीभ अडखळते. फुलफॉर्म पाठ असणं हे अर्धंच काम आहे. तुम्ही जे पाहिलंत ते समोरच्याला तसंच्या तसं समजलं, तरच ते लघुरूप तुम्हाला आलं असं मी मानतो. खालच्या चुका त्याच अंगाने वाचा.

यादी वर्णक्रमाने पाठ करणं

वर्णक्रमाने पाठ केलं की एका लघुरूपाचा एकच अर्थ असतो अशी मनाची समजूत होते. प्रत्यक्षात ओडी म्हणजे औषधाच्या चिठ्ठीवर 'दिवसातून एकदा', विषबाधेच्या केसमध्ये ओव्हरडोस आणि डोळ्यांच्या विभागात उजवा डोळा. डीएनएस सलाइनच्या बाटलीवर असेल तर डेक्स्ट्रोज नॉर्मल सलाइन, आणि कान-नाक-घशाच्या कागदावर असेल तर नाकाचा वाकडा पडदा. बीएस तर श्वासाचे आवाज, आतड्यांचे आवाज आणि ब्लड शुगर या तिन्हींसाठी लिहिलेलं सापडतं.

यावर उपाय म्हणजे कामाच्या क्रमाने गट करून शिकणं. आधी घटनास्थळ आणि कारण: आरटीए (रस्ते अपघात), उंचावरून पडणं, भाजणं. मग पहिली तपासणी: एअरवे (श्वासमार्ग), श्वास, रक्ताभिसरण, एव्हीपीयू (शुद्धीची झटपट तपासणी). मग व्हायटल्स: पीआर (नाडीचा वेग), आरआर (श्वासाचा वेग), बीपी, एसपीओटू (रक्तातला ऑक्सिजन), आरबीएस (रक्तातली साखर). मग इतिहास, मग दिलेले उपचार, शेवटी हँडओव्हर, म्हणजे रुग्ण डॉक्टरांच्या हाती सोपवताना केस सांगणं. प्रत्येक लघुरूप त्याच्या जागेवर, पूर्ण वाक्यात लिहून पाहा. 'बायपासवर आरटीए, पुरुष, अंदाजे ४०, हेल्मेट नव्हतं, ईएनटी ब्लीड उजव्या कानातून' असं वाक्य एकदा हाताने लिहिलं की त्यातलं ईएनटी (कान-नाक-घसा) पुन्हा विसरत नाही.

इतिहासासाठी सॅम्पल हा शब्द सगळ्यांना शिकवतात: लक्षणं, अॅलर्जी, चालू औषधं, जुने आजार, शेवटचं खाणंपिणं, घटनेआधी काय झालं. यातलं शेवटचं खाणंपिणं विद्यार्थी हटकून गाळतात. डायबेटिसचा रुग्ण असेल किंवा लगेच ऑपरेशनला घ्यायचं असेल, तर डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.

फुलफॉर्म येतो, पण हाताला काम कळत नाही

पीईए विचारलं की पल्सलेस इलेक्ट्रिकल अॅक्टिव्हिटी हे उत्तर फटकन येतं. पण मॉनिटरवर नीटस रेघ चालताना दिसली की तोच विद्यार्थी 'रिदम आहे' म्हणून थांबतो आणि मानेवरची नाडी बघायची विसरतो. पीईएमध्ये पडद्यावर विद्युत हालचाल दिसते, नाडी लागत नाही. अशा वेळी शॉक द्यायचा नसतो, छातीवरचे दाब चालू ठेवायचे असतात. व्हीएफ (हृदयाची नुसती थरथर) आणि नाडी नसलेला व्हीटी (हृदयाच्या खालच्या कप्प्यांची अतिवेगवान लय) या दोघांनाच शॉक. एसिस्टोल (सपाट रेघ) आणि पीईए या दोघांना नाही. म्हणून कार्डच्या मागच्या बाजूला फुलफॉर्मच्या खाली एक ओळ हवीच: हे दिसलं तर मी काय करणार? ज्या लघुरूपाखाली ती ओळ भरता येत नाही, ते पुस्तकात परत जाऊन वाचा.

बीव्हीएम (श्वास देण्याची पिशवी आणि मास्क), ओपीए (तोंडातून घालायची श्वासनळी), एनपीए (नाकातून घालायची) ही साधनांची नावं तर कागदावर शिकूच नका. वस्तू हातात घ्या, नाव मोठ्याने म्हणा. शुद्धीवर असलेल्या, घशाशी काही गेलं की उबळ येणाऱ्या रुग्णाला ओपीए घालायचा नसतो, हे हातात धरून शिकलेल्याला वेगळं पाठ करावं लागत नाही.

जीसीएसचा फक्त बेरजेचा आकडा सांगणं

ही चूक मला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जीसीएस, म्हणजे रुग्ण किती शुद्धीवर आहे ते मोजणारा ग्लासगो कोमा स्केल, १९७४ मध्ये टीसडेल आणि जेनेट यांनी मांडला. डोळे उघडण्याला (ई) ४, बोलण्याला (व्ही) ५, हालचालीला (एम) ६ असे जास्तीत जास्त १५ गुण. कमीत कमी ३. शून्य कधीच नसतं, तरीही 'जीसीएस झिरो' लिहिलेलं दिसतं. पण खरा घोटाळा बेरजेत होतो. समजा, पॅरालिसिसचा झटका येऊन वाचा गेलेल्या आजी डोळे टक्क उघडे ठेवून आहेत आणि सांगितल्याबरोबर हात उचलतात, पण तोंडातून आवाज निघत नाही. ई४ व्ही१ एम६, बेरीज ११. दुसरीकडे डोक्याला मार लागलेला तरुण, हाक मारली की डोळे उघडतो, तुटक असंबद्ध शब्द बोलतो, दुखावलं की हात नेमका तिथे नेतो. ई३ व्ही३ एम५, बेरीज पुन्हा ११. दोघांचे आजार वेगळे, दोघांना लागणारी घाई वेगळ्या प्रकारची. नुसतं 'जीसीएस ११' ऐकून डॉक्टरांना यातलं काहीच कळत नाही. तिन्ही अक्षरं वेगवेगळी सांगा, आणि वेळही सांगा: 'घरी ई३ व्ही४ एम६, इथे पोचताना ई२ व्ही३ एम५.' गुण उतरत चालले आहेत, ही माहिती एखाद्या आकड्यापेक्षा मोलाची असते.

बोलण्याचे गुण देताना भाषेकडे लक्ष द्या. लोकमान्यनगरातल्या आजोबांना घाईत हिंदीत तारीख विचारली, ते मराठीत काहीतरी पुटपुटले, आणि शीटवर 'कन्फ्यूज्ड' लिहिलं गेलं, असं होऊ शकतं. निमाडी बोलणाऱ्या बाईंच्या बाबतीत तर हे आणखी सहज घडतं. रुग्णाच्या बोलीत विचारा. येत नसेल तर नातेवाइकाला विचारायला लावा आणि 'हे नेहमी असंच बोलतात का?' हेही विचारून घ्या. ऐकू कमी येतं का, हेही बघा. काही कारणाने एखादा भाग तपासताच येत नसेल, उदाहरणार्थ डोळे सुजून मिटले आहेत, तर तिथे १ न लिहिता 'एनटी', म्हणजे तपासता आलं नाही, असं लिहायचं असतं.

रुग्णाचा शब्द घाईघाईने इंग्रजीत बसवणं

'दौरा पड़ा था' हे वाक्य इंदूरच्या कुठल्याही वस्तीत ऐकायला मिळेल. तो दौरा हृदयाचा की फिटचा, हे त्या शब्दात नाही. आपल्याकडचं 'अटॅक आला' तसंच: हार्ट अटॅक, लकव्याचा अटॅक, दम्याचा अटॅक. इथे विद्यार्थी लगेच 'एमआय' (हार्ट अटॅक) लिहून मोकळा होतो. 'घबराहट'चंही तेच. कुणाला त्यातून छातीतली धडधड सांगायची असते, कुणाला दम लागणं, कुणाला मळमळ, कुणाला भीती. सरसकट 'अँक्झायटी' लिहिलंत तर छातीत न दुखता आलेला हार्ट अटॅक तुमच्या हातून निसटू शकतो. वयस्कर माणसं, बायका आणि डायबेटिसवाले यांच्यात तसा तो येतो.

म्हणून आधी रुग्णाचे शब्द अवतरणात जसेच्या तसे लिहा, मग दोन प्रश्न विचारा, मग लघुरूप वापरा. नेमकं काय झालं ते हाताने दाखवायला सांगा. हातपाय झाडत होते का, तोंडाला फेस होता का, जीभ चावली का, एका बाजूची ताकद गेली का, चेहरा वाकडा झाला का. लकव्याची शंका असेल तर 'शेवटचे ठीक केव्हा दिसले होते' ही वेळ घड्याळाप्रमाणे लिहा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि ते तास तिथूनच मोजतात. 'सकाळी उठले तेव्हा तसेच होते' असं घरचे म्हणाले, तर वेळ आदल्या रात्री झोपतानाची धरायची. उठल्याची वेळ धरायची नाही.

फोनवर एक, कानात दुसरंच

सायरन चालू, गाडी पलासियाच्या गर्दीत, आणि तुम्ही फोनवर व्हायटल्स सांगताय. हिंदीत 'पचासी' म्हणजे ८५ आणि 'पचास' म्हणजे ५०. शेवटचा स्वर गेला की ऑक्सिजन ८५चा ५० होतो. 'उनासी' ७९ आणि 'नवासी' ८९. मराठी कानांना हे आकडे आधीच परके. हायपो (कमी) आणि हायपर (जास्त) यांचंही असंच आहे. म्हणून आकडे सुटे सांगा: 'एसपीओटू एट फाइव्ह, पंच्याऐंशी.' 'शुगर कमी आहे, फोर टू, बेचाळीस.' ऐकणाऱ्याकडून परत म्हणवून घ्या. यात कुणालाही कमीपणा नाही.

शून्य, टिंब आणि यू

रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेतल्या जॉइंट कमिशनने २००४ मध्ये 'ही लघुरूपं वापरू नका' अशी यादीच केली, कारण त्यांमुळे चुकीचे डोस जात होते. तिच्यातल्या गोष्टी आपल्याकडेही तितक्याच लागू आहेत. युनिटसाठी नुसता यू लिहिला की तो शून्यासारखा दिसतो, आणि १० युनिट इन्सुलिन १०० वाचलं जातं. १.० मधलं टिंब पुसट झालं तर १०. आधी शून्य न देता .५ लिहिलं तर ५. नुसतं एमएस लिहिलं तर मॉर्फिन सल्फेट की झटके येणाऱ्या गरोदर बाईला द्यायचं मॅग्नेशियम सल्फेट? औषधाचं नाव आणि युनिट हा शब्द नेहमी पूर्ण लिहा.

परदेशी व्हिडिओंवर विसंबणं

व्हिडिओ जरूर बघा, पण ते कुठल्या देशातले आहेत ते आधी पाहा. अमेरिकन शिक्षक एपिनेफ्रिन म्हणतो ते आपलं अॅड्रेनालिन, अल्ब्युटेरॉल म्हणजे साल्ब्युटामॉल, अॅसिटामिनोफेन म्हणजे पॅरासिटामॉल. ब्रिटिश पॅरामेडिक 'बीएम ३.२' म्हणतो तेव्हा तो रक्तातली साखर सांगत असतो. बोरिंगर मानहाइम कंपनीच्या पट्ट्यांवरून ते नाव तिकडे रुळलं. आणि तो आकडा मिलिमोलमध्ये असतो. १८ ने गुणलं की आपल्या मिलिग्रॅममध्ये सुमारे ५८ येतात, म्हणजे साखर उतरलेली, कारण आपण ७० च्या खाली हायपो धरतो. आपल्या शीटवर बीएम लिहिलं, तर वाचणारा शौचाचा विचार करेल. उलट के/सी/ओ, म्हणजे आधीपासून माहीत असलेला आजार, किंवा एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस, हे परदेशी यादीत तुम्हाला क्वचितच सापडेल. त्यासाठी आपल्याच कॅज्युअल्टीतल्या सिस्टर आणि कंपाउंडर यांना विचारा. त्यांच्याइतकी या कागदाची जाण फार थोड्यांना असते.

आपणच नवी लघुरूपं पाडणं आणि धनचिन्ह टाकून मोकळं होणं

एलओसी + असं शीटवर सर्रास असतं. एलओसी म्हणजे शुद्ध हरपणं, आणि शुद्धीची पातळीही. मग + चा अर्थ बेशुद्ध पडला होता, की आता शुद्धीवर आहे? 'पाच मिनिटं बेशुद्ध होता, आता शुद्धीवर' एवढं सरळ लिहा. गाडीवरच्या दोघांनी आपापसात ठरवलेली लघुरूपं गाडीवरच राहू द्या. एमएलसी केसमध्ये तर विशेष जपा: 'दारू प्यायलेला' हा निष्कर्ष झाला, 'तोंडाला दारूचा वास' हे निरीक्षण. कागद पुढे कोर्टात जाऊ शकतो.

हँडओव्हरसाठी मिस्ट हा क्रम बसवून घ्या: कशाने झालं, काय इजा, व्हायटल्स काय, काय दिलं. सराव पुस्तकासमोर बसून होत नाही. दोघं जण घ्या, एकमेकांकडे पाठ करून बसा, शेजारी मोबाइलवर ट्रॅफिकचा आवाज मोठ्याने लावा. एकाने अर्ध्या मिनिटात केस सांगायची, दुसऱ्याने ऐकेल तसं लिहायचं. मग दोन्ही कागद शेजारी ठेवा. जिथे दोघांचं जुळत नाही, ते लघुरूप त्या आठवड्यापुरतं वापरणं बंद करा आणि त्या जागी पूर्ण शब्द बोला. पुढच्या आठवड्यात जोडीदार बदला, शक्यतो मराठी न येणारा घ्या, आणि तीच केस पुन्हा सांगा.