मका पेरताना मध्येच जागा रिकामी सुटत होती, दोष चाकात निघाला

मिनी ट्रॅक्टरसाठी घरीच दोन फणांचं मका पेरणी यंत्र बनवलं. दोन ओळींत ६० आणि दोन दाण्यांत २० सेंमी अंतर. यंत्राचं चाक जमिनीवर फिरतं, ते चेनने भोकांची चकती फिरवतं आणि चकती दाणे सोडते. अंगणात चाक हाताने फिरवलं की दाणे अचूक पडायचे, रानात मात्र मध्येच दोन-दोन हात मोकळे.

आधी चकतीची भोकं मोठी केली, तर जोड दाणे पडू लागले. मग ट्रॅक्टर हळू चालवला. फरक शून्य. दोन तास पुन्हा हाताने टोकावे लागले, फार जीव जळाला.

शेवटी चाकावर खडूची खूण करून वाफशावर (पेरणीजोगी ओल असलेल्या रानात) दहा फेरे मोजले. चाक ३८ सेंमी व्यासाचं, म्हणजे १२ मीटर व्हायला हवे होते. झाले साडेपंधरा! चाक मध्येच न फिरता घसरत होतं.

मग आधी चाकाचा पक्का जोड कापून बिजागरी बसवली, म्हणजे चाक जमिनीच्या उंचसखलाप्रमाणे खालीवर होतं. वरून दाबाची स्प्रिंग दिली. नंतर चाकाच्या धावेवर (बाहेरच्या कडेवर) समान अंतराने १२ लोखंडी दाते वेल्ड केले. चेन तशीच ठेवली: चाकाला १४ दाती चेनचक्र, १२ भोकांच्या चकतीला २८ दाती, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला सहा दाणे. पुन्हा दहा फेरे मोजले, १२.६ मीटर. म्हणजे दाणा २१ सेंमीवर.

पेरताना ट्रॅक्टरची हायड्रोलिक लिफ्ट पूर्ण खाली सोडा. यंत्र जरा उचललेलं राहिलं तरी चाक पुन्हा घसरतं.