घरचा रीफ टँक: मशिनरी कोणती घ्यावी आणि कोणत्या क्रमाने बसवावी

रीफ टँक, म्हणजे जिवंत प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी, करायचा म्हणून दुकानात गेलं की आधी लाइट दाखवतात. निळ्या उजेडात प्रवाळ चमकायला लागले की गिऱ्हाईक तिथेच विरघळतं आणि अर्धं बजेट लाइटवर जातं. मुंबई-ठाण्यात खरी परीक्षा मे महिन्याच्या उकाड्याची आणि रात्री गेलेल्या विजेची. म्हणून खरेदीचा क्रम असा ठेवा: आधी पाणी, मग थंडावा आणि बॅकअप, आणि लाइट सगळ्यात शेवटी.

खाली 3 फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी धरून चाललो आहे. यात जवळपास 190 लिटर पाणी मावतं. याहून लहान टाकी स्वस्त पडते, पण तिचं तापमान आणि खारटपणा पटापट बदलतो. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

खरेदीआधी कायदा

दगडी प्रवाळ, समुद्री पंखे आणि समुद्रघोडे यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. मालवणच्या किनाऱ्यावरून किंवा कुठल्याही भारतीय समुद्रातून प्रवाळ, अगदी मेलेला सांगाडासुद्धा, उचलून आणणं गुन्हा आहे. 'लाइव्ह रॉक' म्हणून विकला जाणारा दगडही बहुतेकदा प्रवाळाचाच असतो, तेव्हा त्याऐवजी सिरॅमिकचा किंवा तयार केलेला कोरडा रीफ रॉक घ्या. जे काही जिवंत घ्याल त्याचं बिल आणि आयातीची कागदपत्रं मागा. दुकानदार "बघू नंतर" म्हणाला तर दुसरं दुकान गाठा. नवख्याने मश्रूम, झोअँथिड, लेदर अशा मऊ प्रवाळांनी सुरुवात करावी. ते चिवट असतात, आणि पुढची सगळी मापं मी त्यांच्याच हिशेबाने दिली आहेत.

जागा आणि स्टँड

पाणी, काच, दगड, खालची टाकी (सम्प) आणि स्टँड धरून वजन साडेतीनशे किलोच्या घरात जातं, तेही साडेचार चौरस फुटांवर. टाकी बीमलगतच्या भिंतीला समांतर ठेवा. बाल्कनी किंवा बाहेर काढलेला स्लॅब नको. इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. खिडकीचं ऊन थेट टाकीवर येता कामा नये. पाणी तापतं आणि शेवाळ माजतं. साध्या लोखंडी स्टँडला खारं पाणी वर्षभरात खाऊन टाकतं, तेव्हा पावडर कोटिंग केलेला लोखंडी किंवा मरीन प्लायचा स्टँड करून घ्या. पाणसळ लावून तो तपासा आणि बुडाखाली फोमशीट घाला.

सम्प, ओव्हरफ्लो, रिटर्न पंप

सम्प म्हणजे स्टँडच्या पोटातली दुसरी टाकी. वरचं पाणी ओव्हरफ्लोतून, म्हणजे काठाजवळच्या निचऱ्यातून, खाली उतरतं, फेसावाटे घाण काढणाऱ्या स्किमरमधून फिरतं आणि रिटर्न पंप ते पुन्हा वर चढवतो. मशिनरी नजरेआड राहते आणि पाण्याचा साठाही वाढतो. सम्पमध्ये काचेचे तीन कप्पे हवेत: पाणी उतरण्याचा, स्किमरचा आणि पंपाचा. स्किमरच्या कप्प्यातली पातळी कायम सारखी राहिली पाहिजे. ती हलली की फेसाचं गणित बिघडतं.

पंपाच्या खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. चार-पाच फूट वर चढवताना प्रवाह बराच घटतो, म्हणून कंपनीचा आलेख बघून त्या उंचीला तासाला 800 ते 1000 लिटर देणारा पंप निवडा.

वीज गेली की पंप थांबतो आणि रिटर्न पाइप सायफन होऊन वरचं पाणी उलटं खाली खेचतो. पाइपाचं तोंड पाण्याबाहेर उघडं पडलं की हे थांबतं. या टाकीत पातळी एक इंच उतरली तरी सुमारे साडेदहा लिटर पाणी खाली येतं. तोंड दोन इंच खोल असेल तर एकवीस लिटर. तेवढी जागा सम्पमध्ये रिकामी हवी, नाहीतर ते पाणी हॉलमध्ये आणि तिथून खालच्यांच्या छतात जातं. म्हणून रिटर्नचं तोंड पृष्ठभागाच्या जेमतेम खाली ठेवा. चेक व्हॉल्व्हच्या (पाणी उलटं येऊ न देणाऱ्या झडपेच्या) भरवशावर राहू नका. त्यात मीठ साचतं, एखादी गोगलगाय अडकते, आणि नेमक्या वेळी तो बंद होत नाही.

पाइपिंग झालं की नळाचं साधं पाणी भरून दोन दिवस चालवा. प्रत्येक जोडावर टिश्यूपेपर फिरवा. ओल लगेच कळते. मग पंपाचा स्विच बंद करून सम्पसमोर बसा. पाणी चढायचं थांबेल तिथे मार्करने रेघ मारा, पंप पुन्हा सुरू करा, आणि हाच प्रयोग तीन-चार वेळा करा. चालू असतानाच्या पातळीचीही रेघ मारून ठेवा, त्यावर पाणी कधीच भरायचं नाही.

स्किमर आणि वेव्हमेकर

स्किमर बारीक बुडबुड्यांना चिकटलेली सेंद्रिय घाण फेसाबरोबर कपात काढतो. टाकीच्या दीडपट ते दुप्पट क्षमतेचा घ्या. नवा स्किमर पहिले काही दिवस एकतर फेसच काढत नाही किंवा कप ओसंडून वाहतो. लगेच बदलून आणायला धावू नका, त्याला आठवडाभर द्या. मऊ प्रवाळांसाठी ताशी दोन ते चार हजार लिटर हलवणारा वेव्हमेकर, म्हणजे टाकीतच पाणी ढवळणारा छोटा पंप, पुरतो. एकाऐवजी दोन छोटे समोरासमोर लावले तर मागचे कोपरेही ढवळले जातात आणि एक बंद पडला तरी दुसरा चालू असतो.

थंडावा

पाणी 25 ते 26 अंशांवर हवं. मे महिन्यात मुंबईतलं बंद घर 32-33 अंशांवर असतं, त्यात पंपांची उष्णता मिळते. पाण्यावर वारा मारणारा पंखा बाष्पीभवनाने थंडावा देतो, त्यामुळे कोरड्या हवेत तो दोन-तीन अंश सहज उतरवतो. पुण्यात त्यावर बऱ्यापैकी भागतं. मुंबईच्या दमट हवेत तो हात टेकतो. तिथे चिलर लागतोच. एवढ्या पाण्याला पाव एचपीचा चिलर धरा. तो स्टँडच्या बंद कपाटात कोंबू नका, स्वतःचीच गरम हवा ओढत बसतो आणि बंदच होत नाही. हीटर मुंबईत नावालाच लागतो. पुणे-नाशिकच्या थंडीत मात्र 150-200 वॉटचा हवा.

वीज

टाकीच्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) बसवून घ्या आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. खारं पाणी आणि वीज यांत काटकसर नको. प्लगचा बोर्ड टाकीच्या बाजूला, पाण्याच्या पातळीपेक्षा उंच हवा, आणि प्रत्येक वायरला प्लगआधी खाली झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी तिथूनच ठिबकेल.

घरच्या इन्व्हर्टरवर रिटर्न पंप आणि एक वेव्हमेकर घ्या. दोघांची मिळून भूक पन्नास वॉटच्या आसपास असते. चिलर आणि लाइट त्यावर नकोत. इन्व्हर्टर साइन वेव्हचा बघा, स्क्वेअर वेव्हवर पंप गुणगुणतात आणि तापतात. इन्व्हर्टर नसेल तर वीज गेल्यावर आपोआप सुरू होणारा बॅटरीचा एअरपंप तरी ठेवाच. अंधारात पाणी थांबलं की ऑक्सिजन झपाट्याने उतरतो आणि मासे आधी जातात.

पाणी आणि मीठ

स्वयंपाकघरातला आरओ चालत नाही. चवीसाठी त्यात टीडीएस अ‍ॅडजस्टर किंवा मिनरल कार्ट्रिज असतं, म्हणजे काढलेले क्षार तो परत घालतो. डीआय रेझिन (उरलेसुरले क्षार शोषणारे मणी) जोडलेला वेगळा आरओ घ्या आणि टीडीएस मीटरवर शून्य दिसेल तेच पाणी वापरा. ओव्हरहेड टाकीच्या पाण्याला दाब कमी पडतो, म्हणून सोबत बूस्टर पंप लागतो. "समुद्र इतका जवळ आहे, तर जुहूचंच पाणी का नको?" असं हमखास कोणीतरी विचारतं. त्यात शहराचं सांडपाणी असतं आणि पावसाळ्यात खारटपणा घसरतो.

रीफचं मीठ लिटरला साधारण 36 ग्रॅम लागतं. सम्पसकट 220 लिटरला आठ किलो. आधी पाणी, मग त्यात थोडं थोडं मीठ. उलटं केलंत तर कॅल्शियम पांढरं होऊन तळाशी बसतं. रात्रभर पंपाने ढवळा आणि खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर 35 पीपीटी (हजारात 35 भाग) आलं का बघा. मीटर 35 पीपीटीच्या तयार द्रावणाने आधी जुळवून घ्या.

बाष्पीभवनात फक्त पाणी उडतं, मीठ मागे राहतं. म्हणून रोजची भर याच आरओ-डीआयच्या बिनमिठाच्या पाण्याची, खाऱ्या पाण्याची कधीच नाही. हे काम ऑटो टॉप-ऑफवर, म्हणजे पातळी उतरली की आपोआप पाणी भरणाऱ्या यंत्रावर, सोपवा. त्याचा साठा वीसेक लिटरचाच ठेवा, म्हणजे सेन्सर अडकला तरी सगळी टाकी अळणी होणार नाही.

लाइट आणि सायकल

दगड थेट काचेवर टेकवून रचा, मग भोवती दोन-तीन सेंटिमीटर अ‍ॅरागोनाइटची (चुनखडीच्या जातीची) वाळू. बांधकामाची रेती नको. मग सायकल, म्हणजे घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू टाकीत वाढवणं: अमोनियम क्लोराइडने अमोनिया 2 पीपीएमपर्यंत (दहा लाखात 2 भाग) न्या आणि बाटलीतले जिवाणू घाला. चार ते सहा आठवड्यांत 2 पीपीएम अमोनिया 24 तासांत संपायला लागतो आणि त्यातून बनणारं नायट्राइटही शून्यावर येतं. या काळात लाइट लावायचा नाही, म्हणून तो इतक्यात विकत घेण्याचीही गरज नाही. सगळी मशिनरी मात्र चालू ठेवा. गळती, खडखड, चिलरची कुरकुर, जे काय व्हायचं ते रिकाम्या टाकीत होऊ द्या.

सायकल संपल्यावर एक तृतीयांश पाणी बदला, आठेक गोगलगायी सोडा आणि मग लाइट आणा. मऊ प्रवाळांना 50 ते 150 पार (प्रवाळांना वापरता येणाऱ्या उजेडाचं माप) पुरतो. सुरुवात रोज सहा तासांनी, कमी तीव्रतेवर करा. दगडावर आधी तपकिरी थर येईल, मग हिरवा. ते घासत बसू नका, गोगलगायींचं पोट त्यावरच आहे. पहिला मश्रूम तळाशी, सावलीकडे ठेवा आणि आठवड्याने हवा तर वर सरकवा.