खाडीवर पक्षी बघायला जाताय? आधी तिथी बघा

कोल्हापुरात रंकाळा किंवा कळंबा तलावावर उजाडताना पोहोचलं की काम झालं. खाडीवर तेवढ्यानं भागत नाही. ऐन ओहोटीला गेलात तर चिखल लांबवर उघडा पडलेला असतो, आणि पक्षी पार पाण्याच्या कडेला. 8×42 च्या दुर्बिणीतूनही नुसते ठिपके.

म्हणून मालवण-आचऱ्याकडे उतरण्याआधी कॅलेंडर काढा. तिथीचा आकडा गुणिले पाऊण, ही भरतीची अंदाजी वेळ. चतुर्थीला 3, अष्टमीला 6, पौर्णिमा-अमावास्येला 15 धरून सव्वाअकरा. गावागणिक अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतं. ओहोटी त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी.

सकाळसाठी पौर्णिमा-अमावास्या उत्तम. उधाणाचं पाणी 8 पासून चढत येतं आणि चिखल्या, तुतवार असे चिखलात टिपणारे पक्षी आयते तुमच्याकडं सरकतात. चतुर्थी-पंचमीची सकाळ मात्र टाळा: तेव्हा ओहोटी असते आणि पाणी भरेपर्यंत ऊन चढून दुर्बिणीत सगळं लवलवतं. अष्टमीला पहाटेची भरती ओसरताना पक्षी जवळ मिळतात, पण तेव्हा भांगाचं, म्हणजे कमी चढ-उताराचं पाणी असतं, चिखल थोडाच उघडतो.

ऑक्टोबर ते मार्च हा हंगाम. राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाट किंवा गगनबावड्यावरून करूळ घाट. कुठला चालू आहे ते विचारून घ्या आणि आदल्या दुपारीच निघा. पहाटे घाट उतरून भरती गाठायचा बेत कागदावरच जमतो.

सकाळी खाडीच्या पूर्वेच्या काठावर उभं राहा, म्हणजे सूर्य पाठीशी येतो. चालायचं ते खारबंधाऱ्यावरून. तिवराची पेन्सिलीसारखी वर आलेली मुळं तुडवू नका; त्यांतूनच झाड श्वास घेतं, आणि तिथला चिखल गुडघ्यापर्यंत ओढतो. पाय रुतलाच तर सरळ उपसू नका, चप्पल आत राहते. टाच हलवून आधी चिखलात हवा शिरू द्या.

ओळखताना रंगात अडकू नका, हिवाळ्यात सगळेच करडे. चाल बघा. चिखल्या धावतो, थबकतो, टिपतो. तुतवार शेपटी सतत वरखाली करतो. त्याची सवय कळंब्यावरच करून घ्या.

ऊन तापलं की झाडीत शिरा. सुरूच्या बनात फारसं काही मिळत नाही. फळांवर आलेला वड-पिंपळ शोधून त्याखाली अर्धा तास गप बसा, धनेश येण्याची शक्यता तिथंच. किनाऱ्यालगतच्या उंच झाडावर समुद्री गरुडाचं घरटं दिसलं तर लांबूनच बघा आणि त्याचं लोकेशन ग्रुपवर टाकू नका.

एसी गाडीतून दुर्बीण एकदम बाहेर काढली की काचा धुरकटतात. गाव यायच्या 15 मिनिटं आधी एसी बंद करून काचा खाली करा. संध्याकाळी भिंगं कोरड्या रुमालानं घासू नका, मिठाचे कण ओरखडे पाडतात. आधी फुंकणीनं हवा मारा, मग गोड्या पाण्यात किंचित ओलवलेलं मऊ कापड फिरवा.