व्हर्च्युअल डिस्क टेस्टला बसायच्या आधी, लाइट जाणार हे धरून केलेली तयारी

क्यूएमू (एका कॉम्प्युटरच्या आत दुसरं खोटं मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) मधी व्हर्टआयओ ब्लॉक म्हणजे त्या मशीनला दिलेली व्हर्च्युअल डिस्क टेस्ट करायची म्हणलं की बरेच जण डायरेक्ट स्पीड मोजायला बसतात, मला ते काही पटत नाही. आपल्याकडं परभणीत एप्रिल-मेमधी लाइट कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून डिस्कनं "लिहून झालं" म्हणलेलं खरंच खाली उतरलंय का हेच मी आधी बघतो, अन् सगळी तयारी त्याच हिशोबानं करतो.

बायोसमधी व्हर्च्युअलायझेशन चालू पाहिजे, आपला यूजर केव्हीएम (प्रोसेसरची मदत घेऊन मशीन वेगात चालवणारा लिनक्सचा भाग) ग्रुपमधी पाहिजे अन् कमांडमधीबी केव्हीएम लिहिलेलं पाहिजे, कमांडमधी ते नसलं तर मशीन चालतं पण लई रेंगाळतं. ओएसची डिस्क वेगळी ठेवा, टेस्टची वेगळी, एक रॉ (साधी जशीच्या तशी फाइल) अन् एक क्यूकाऊ२ (लागेल तशी वाढणारी क्यूएमूची फाइल). ४ जीबीची क्यूकाऊ२ फाइल बनवली की सुरुवातीला जेमतेम २०० केबी जागा घेते, त्यावर जाऊ नका, ती भरत जाणारे, तेव्हा होस्टवर (म्हणजे खऱ्या कॉम्प्युटरवर, आतलं मशीन ते गेस्ट) तेवढी जागा रिकामी आहे का आधीच बघा. रॉ असली तर फॉरमॅट रॉ आहे हे कमांडमधी स्पष्ट लिहा, नाहीतर क्यूएमू स्वतः अंदाज लावतो, पहिल्या ब्लॉकवर लिहायला बंधन घालतो अन् आत पार्टिशन टेबल का लिहिलं जाईना म्हणून आपण तासभर डोकं धरून बसतो. प्रत्येक डिस्कला सीरियल नंबर द्या, २० अक्षरांच्या आत, कारण गेस्टमधी दिसणाऱ्या डिस्कच्या नावांत व्हीडीए कोणती अन् व्हीडीबी कोणती यात गफलत झाली की चांगली डिस्कच पुसली जाते.

आता कॅशे, म्हणजे लिहिलेला डेटा तात्पुरता ठेवायची जागा, खरी मेख इथंच आहे. कमांडमधी काहीच लिहिलं नाही तर राइटबॅक मोड असतो, म्हणजे डेटा आधी होस्टच्या रॅममधी जातो अन् गेस्टनं फ्लश (साठलेलं खाली लिहून टाका हा हुकूम) मागितला की मग डिस्कवर उतरवतात. नन (none) मोड ठेवला तर होस्टची रॅम टाळली जाते, पण ड्राइव्हची स्वतःची कॅशे राहतेच, म्हणून फ्लश तिथंबी लागतो. अनसेफ मोडमधी फ्लशकडं सरळ दुर्लक्ष होतं. तिन्ही वेगवेगळे चालवा अन् कोणत्या रनला कोणता मोड होता ते वहीत लिहून ठेवा.

क्यूएमूला किल मारला म्हणजे लाइट गेली असं समजू नका, हे कळकळीनं सांगतोय. प्रोसेस मेली तरी होस्टचा कर्नल जिवंत असतो अन् रॅममधला डेटा निवांत डिस्कवर जातो, मग अनसेफसुद्धा पास होतं. खरी टेस्ट करायची तर बिनबॅटरीचा, बिनयूपीएसचा जुना डेस्कटॉप घ्या ज्यातलं काही गेलं तरी चालेल. गेस्टमधी एक लूप लावा, आकडा लिहायचा, एफसिंक (फाइल डिस्कवर पक्की उतरवायला सांगणारा कॉल) करायचा अन् तो परत आल्यावरच स्क्रीनवर छापायचा, अन् ती स्क्रीन एसएसएचनं (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनची कमांड स्क्रीन उघडायची सोय) दुसऱ्या लॅपटॉपवर उघडी ठेवा. मी बटण बंद केलं तेव्हा लॅपटॉपवर २१४ थांबलेला होता, राइटबॅकमधी परत चालू केल्यावर फाइलमधी २१४ सापडला, अनसेफमधी त्याच जागी फाइल रिकामी निघाली. छापलेला शेवटचा आकडा फाइलमधी पाहिजेच, एखादा जास्त सापडला तर चालतंय.

डिस्कची एरर मुद्दाम आणायला क्यूएमूतच ब्लॉकडीबग (blkdebug) ड्रायव्हर आहे, त्याची कॉन्फिग फाइल आदल्या दिवशीच लिहून ठेवा. होस्ट भरल्यावर काय होतं ते बघायला ५०० एमबीची एक फाइल छोट्या डिस्कसारखी जोडून (लूप माउंट करून) त्यात १ जीबीची क्यूकाऊ२ ठेवा. जागा संपली की मशीन पॉज व्हायला पाहिजे, गेस्टला एरर जायला नको, मग जागा करून क्यूएमूच्या मॉनिटरमधी (त्याला कमांड द्यायच्या खिडकीत) कंटिन्यू दिलं की काम पुढं चालू.

इमेज म्हणजे डिस्कची फाइल तपासायची चेकची कमांड मशीन बंद करूनच चालवा. अन् इमेज खराब निघाली तर लगेच रिपेअर मारू नका, आधी तिची कॉपी काढा, कारण रिपेअर झाल्यावर काय बिघडलं होतं ते परत बघायला मिळत नाही.